बिलासी दीदीची डहाळी

"भगतबाबा, डायन वयात आलेल्या पोरींचीच ताकद का खाते हो? पोरं काय कडू लागतात तिला?"

प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता. सकाळी विहिरीवर एतवारी म्हणाली होती, "हिंमत असेल तर विचार!" बाकीच्या खिदळल्या, "ही चांदो? भगत दिसला की हिची बोबडी वळते!" म्हणून विचारला. तोही अख्ख्या गावासमोर, नाचाच्या मैदानात.

नगारे थांबले. घुरन भगतानं धुपाच्या धुरातून मला हुडकलं.

"पोरी, बाईमाणूस वयात आलं की अंगाची नऊ दारं उघडतात. डायन आत शिरते नि गोड रक्त पिते. पोरांची दारं देवानंच लिंपलेली!"

"मग पोरं जेवतात कुठून?" एतवारी पुटपुटली.

कुणी हसलं नाही. कारण समोर पाण्यानं भरलेल्या लोट्यांची रांग होती. प्रत्येक घराच्या नावानं एकेक सालवृक्षाची डहाळी, भगतानं स्वतः तोडून स्वतः रोवलेली. तीन दिवस कुणी हात लावायचा नाही. जिची डहाळी सुकेल ती डायन. सगळ्या डहाळ्या टवटवीत होत्या. एकीनंच मान टाकली होती. बिलासी दीदीच्या डहाळीनं.

दीदी एकटी राहते आणि आम्हा पोरींना हॉकी शिकवते. आमच्याकडे स्पर्धेचं बक्षीस म्हणजे बोकड. गेल्या वर्षी तो आम्ही गावात मिरवत आणला. यंदा पहिल्याच सामन्यात हरलो. पूर्वी हरणासारख्या पळणाऱ्या आम्ही आता अर्ध्या मैदानात धापा टाकत होतो, आणि सगळ्यांच्या आधी मी. भगत म्हणाला, "यांना कुणीतरी खातंय." झालं!

दीदी चिंचेखाली उभी होती, दोन्ही बाजूंना दोन गडी. जमलेल्यांपैकी काहींच्या हातात कुऱ्हाडी होत्या. माझ्या बापाच्या, आबांच्या हातात काठी होती. पलीकडच्या गावात अशीच एक डहाळी सुकली होती. त्या घराला आज छप्पर नाही, आणि तिथं राहणारीचं नाव कुणी काढत नाही.

"हरल्यापासून पोरगी बावचळलीय," भगत म्हणाला. "न्या हिला घरी."

तेवढ्यात माझं लक्ष पाण्याकडे गेलं. बाकीच्या लोट्यांतलं पाणी बोटभर उतरलं होतं. दीदीचा लोटा काठोकाठ! विज्ञानाच्या तासाला डुलक्या काढणाऱ्यालाही हे कळावं. डहाळी पाणी पिते, आणि ही प्यायलीच नव्हती.

मी धावले. धाप लागली, पण पोचले.

"हात सडेल!" भगत किंचाळला.

मी डहाळी उपसली. तिच्या कापलेल्या टोकावर लालसर, चकचकीत थर होता. मी तो धुपाच्या निखाऱ्यावर धरला. तो फसफसला, वितळला, आणि वास सुटला. आमच्या कुसुमाच्या झाडांवर लाख पिकते. तो वास रांगतं पोरही ओळखतं.

"अगं बाई, लाख!" माझी आई, आयो, ओरडली. "टोकच बुजवलंय की! पाणी चढणार कुठून?"

"डायनीनंच लावली असणार!" भगत म्हणाला.

"तोडली कुणी, भगतबाबा? रोवली कुणी? हात लावू नका, असं बजावलं कुणी?" मी विचारलं.

भगत झोळी आवरू लागला. पण गावचा म्हातारा मुखिया अजून कोड्यात होता. "ते खरं गं. पण मग पोरी दमतात का?"

तेव्हा दीदी पहिल्यांदा बोलली. 

"मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. या वयात पोरगी झपाट्यानं उंच होते, कंबर रुंदावते, अंग भरतं. जुनी पावलं नव्या अंगाला लगेच जमत नाहीत. त्यात दर महिन्याला रक्त जातं आणि ताटात नुसता भात. रक्त कमी पडलं की दम लागतो. दवाखान्यात चला म्हटलं, तर तुम्ही भगताचे गंडे बांधलेत. शाळेतली लोहाची निळी गोळी यानंच ओढ्यात फेकायला लावली. मी दवाखान्याची वाट दाखवते, म्हणून तर माझी डहाळी सुकली!"

"आणि पोरं?" एतवारीनं विचारलंच.

"त्यांच्या अंगात या वयात मांस जास्त चढतं, एवढंच. पोरी संपत नाहीत गं. नीट खाल्लं, सराव सोडला नाही, तर या नव्या अंगातही ताकद येते."

भगत कधी सटकला ते कळलं नाही. गडी दूर झाले. दीदीची माफी कुणी मागितली नाही. कुऱ्हाडीही कुणी खाली ठेवल्या नाहीत, त्या खांद्यावरून घरी गेल्या.

घरी आबा भिंतीकडे तोंड करून बसले. आयोनं भात वाढला. मी पाटावर न बसता चटई गुंडाळली.

"आयो, आबा, ऐका. आज एक लोटा कुणी नीट पाहिला नसता तर एक बाई गेली असती. कुणी काहीही सांगो, आधी डोळ्यांनी बघा, हातानं तपासा, मग माना. मी उद्यापासून गोळी घेणार. ताटात डाळ आणि अंडं मागणार. हॉकी सोडणार नाही. आणि गावाच्या डोक्यातून हे भूत उतरेपर्यंत मी दीदीच्या घरी झोपणार. आबा, ज्यांना त्या दारावर कुऱ्हाड घेऊन यायचंय, त्यांना सांगून ठेवा, आत तुमची लेक आहे."