माझ्या काट्यांची राख

मी एक म्हातारा जाहक आहे, मित्रांनो. हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल. शिरोळकडच्या माळावर माणसं मला साळिंदराचं पिल्लू समजतात. पण माझी वाढ एवढीच, दोन मुठींएवढी.

आम्ही एकटे राहतो. दिवसभर बिळात झोपतो आणि अंधार पडला की किडे, विंचू, बेडूक शोधतो. शत्रू आला की नाक पोटात घालून काट्यांचा गोळा होतो. कोल्हासुद्धा हुंगून परत फिरतो. माणूस फिरत नाही, हे मला १९५१ च्या उन्हाळ्यात कळलं.

त्या साली गावात डांग्या खोकल्याची साथ होती. आकाराम नावाच्या शेतकऱ्याला बांध खणताना मी सापडलो. त्याने मला पटक्यात गुंडाळून घरी नेलं. त्याची सहा वर्षांची अंबू खोकून खोकून निळी पडत होती. शेजारच्या झुंबरबाईने सांगितलं होतं, जाहकाच्या काट्यांची राख मधातून चाटवा.

"कोल्हापूरला दवाखान्यात नेऊया की," अंबूची आई चिमणाबाई म्हणाली.

"आदी हे करून बघू. एवढ्या लांब पोरगी गाडीत टिकायची न्हाय."

रोज सकाळी आकाराम चिमट्याने माझे काटे उपटायचा. मी भिऊन गोळा व्हायचो आणि त्याला काटे आयतेच सापडायचे. रक्त आलं की चिमणाबाई हळद लावायची. "पोरगी उठली की तुला सोडतो बघ," म्हणायची.

उबळ थांबली की अंबू मला झाकून ठेवलेल्या डालग्याच्या फटीतून माझ्याकडे बघत बसे. एकदा म्हणाली, "आये, ह्येला दुखतंय."

उतार पडेना, तेव्हा नवव्या दिवशी आकारामने दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली. अंबूला उचलून अंगणात आणलं, तिथेच ती गेली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी चिमणाबाई मला पदरात घेऊन माळावर आली. खाली ठेवलं. "जा," एवढंच म्हणाली.

माझी उजवी बाजू उघडी पडली होती. काटे पुन्हा येतात, पण सावकाश. त्याआधीच एका कुत्र्याने ती बाजू शोधली. तेव्हापासून मी मागचा पाय ओढत चालतो. विंचू माझ्या पुढून निघून जातात. पोट बहुतेक रिकामंच असतं.

मित्रांनो, माझ्या काट्यांत औषध नाही. असतं, तर माझी पाठ गेल्याचं दुःख मी केलं नसतं. आम्हाला माळावर राहू द्या. आणि घरातलं लेकरू खोकू लागलं, तर पहिल्याच दिवशी गाडी जुंपा.