दोन रिकाम्या मात्रा

नात भाविका हिच्याशी मी नऊ दिवस बोललो नव्हतो. म्हणजे बोलत होतो, पण सून नमिताच्या मार्फत. 'तिला सांग, गीझर बंद कर.' 'तिला सांग, माझ्या चहात साखर नको.' भाविका समोरच बसलेली असायची. नमिता बिचारी गंभीर चेहऱ्याने निरोप पोचवायची आणि आत जाऊन हसायची. मला ते ऐकू यायचं. वय सहासष्ट असलं तरी कान भजनी बुवाचे आहेत.

राग कशाचा, ते सांगतो. मी दादू बुवा, राहणार नेरूळ गाव. बस डेपोतून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालो, पण आमच्या आगरी-कोळी गावांत मला ओळखतात ते भजनामुळे. आमचं भजन म्हणजे नुसतं टाळ कुटणं नव्हे. बुवा पेटीवर बसतो, मागे पखवाज असतो, आणि अभंगाला हात घालण्याआधी राग असा मांडावा लागतो की शहरातल्या गवयानेही कान टवकारावेत. माझे गुरू सिताराम बुवा यात बाप माणूस. त्यांनी स्वतः बांधलेला एक तराणा मला शिकवला. तराण्यात शब्द नसतात. तोम, तनन, देरेना, दीम, एवढ्या बोलांवर सगळा कारभार. न अर्थ, न गोष्ट, नुसता सूर आणि लय.

तो शिकवून झाल्यावर बुवांनी माझा हात आपल्या पेटीवर ठेवला आणि शपथ घातली. "दादू, ह्यो तराना नाचान जाता कामा नय. कदी म्हंजे कदीच नय." तराण्यावर कुणी नाचता कामा नये, ही शपथ मी एकेचाळीस वर्षं पाळली.

या तराण्यात एक जागा आहे. तिसऱ्या ओळीच्या शेवटी 'दीम' म्हणून थांबायचं, आणि पुढच्या दोन मात्रा काहीच नाही. गळा गप्प, पेटी गप्प, पखवाजसुद्धा गप्प. मग पुन्हा 'तनन' म्हणून उचलायचं. एकदा एका स्पर्धेत परीक्षकांनी मला विचारलं होतं, "बुवा, इथे काही विसरलात का?" मी म्हटलं, "साहेब, त्या दोन मात्रा म्हणजे मौन. तिथे बुवा गात नाही, तिथे तो देवाचं ऐकतो." परीक्षक वरमले. बुवांनी मला असं काही सांगितलं नव्हतं. ते माझं मीच शोधून काढलं होतं. पण नंतर चाळीस वर्षं मी ते इतक्या जणांना ऐकवलं, की माझाही त्यावर पक्का विश्वास बसला. त्या जागी मी डोळे मिटायचो. माझ्यामागे टाळकरीसुद्धा मिटायचे.

आणि मग शेजारच्या प्रणयची हळद आली. मी मांडवात खुर्चीवर बसून सरबत पीत होतो. डीजेवाल्याने काहीतरी लावलं आणि चारशे माणसं एकदम उठून नाचायला लागली. मी सवयीने नाक मुरडलं. तेवढ्यात त्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून आवाज आला, 'तोम तनन देरेना'. आवाज माझा! खाली ढोल, त्यावर बेंजो, आणि मधोमध माझा गळा खमाज आळवतोय. मी सरबत सांडलं. पुढे ती जागा आली. 'दीम' झालं, आणि माझ्या मौनात, देवाच्या त्या दोन मात्रांमध्ये, कुणीतरी टाळ्या भरल्या होत्या. टप, टप. मांडवातल्या सगळ्या बाया त्या टाळ्यांवर गर्रकन फिरल्या. नवरदेव तसाच हळदीने माखलेला येऊन माझ्या पाया पडला. "बुवा, तुमचा तराना एक नंबर! उरनपासून पनवेलपर्यंत हाच वाजतोय."

हा उद्योग भाविकाचा. ती नेरूळलाच कॉलेजात शिकते आणि उरलेला वेळ लॅपटॉपवर गाणी जुळवते. पहाटे मी रियाज करत असताना तिने दाराबाहेर फोन ठेवून सगळं रेकॉर्ड केलं होतं.

"आबा, चिल ना," ती म्हणाली. "तुझं नाव पन टाकलंय खाली. लोकांना कसलं आवडतंय बघ!"

"मी शपथ घेतलीय!"

"मग तू नाय मोडलीस ना. मी मोडली. तू कशाला टेन्शन घेतोस?"

त्या क्षणापासून मी तिच्याशी बोलणंच बंद केलं.

रागामागे भीतीही होती, ती लपवत नाही. त्या रविवारी सिताराम बुवांची बारावी पुण्यतिथी होती. बुवांची पेटी त्यांच्या बायकोकडे, वेणूआईकडे, हिरव्या कापडात बांधलेली आहे. दर वर्षी ती बाहेर काढायची, हळदकुंकू वाहायचं आणि परत ठेवायची. बारा वर्षांत कुणी तिच्या पट्टीला बोट लावलेलं नाही. गेल्या वर्षी आई म्हणाली होती, "बारा वर्सं झाली का देन कोनातरी एकाला." कोणातरी म्हणजे दोघांपैकी एकाला, मला किंवा माझ्या गुरुबंधूला, द्रोणागिरीच्या हिराजी बुवाला. मला ती पेटी हवी होती. स्वतःच्या लग्नासाठीही मी इतका उतावीळ झालो नव्हतो. त्या पेटीवरच माझा हात ठेवला होता बुवांनी. ती दुसऱ्याच्या घरी गेली असती, तर आपण शिष्य म्हणून नापास झालो असं मला मरेपर्यंत वाटत राहिलं असतं.

शुक्रवारी हिराजीचा फोन आला. "दादू बुवा, आयकला तुमचा डीजे. झ्याक हाय. आईला पन सांगितला मी." आवाजात नुसतं लोणी. तासाभराने आईचाच फोन. "दादू, रविवारी येताना पोरीला घेऊन ये." एवढं बोलून फोन बंद. त्या रात्री मी जेवलो नाही.

रविवारी दुपारी भाविकाच्या स्कूटीवर मागे बसून मी करंजाड्याला निघालो. बुवांचं गाव विमानतळात गेलं, तेव्हापासून आई तिथे नातू हितेशबरोबर राहते. स्कूटीवर अबोला पाळणं महाकठीण. निरोप न्यायला नमिता नाही. शेवटी पनवेलच्या पुलावर मी हवेला उद्देशून म्हणालो, "कुणीतरी जरा हळू चालवलं तर बरं होईल." कुणीतरी हळू चालवलं.

सोसायटीचा हॉल भरला होता. बुवांच्या फोटोला झेंडूचा हार, पुढे हिरव्या कापडातली पेटी, आणि शेजारी खुर्चीत आई. वय ऐंशीच्या पुढे, लुगडं कडक, नजर त्याहून कडक. मी पाया पडलो. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. भाविकाला मात्र जवळ बसवून घेतलं.

हिराजीने पाऊण तास अभंग गाइला. चांगला गाइला, हे मला कबूल करावं लागेल. मग हात जोडून तो म्हणाला, "आई, आज बुवांच्या म्होरं एक बोलतो. बुवांनी शपथ घालून दिलेला तराना आज हलदीन वाजतो. दादू बुवांची त्यान चूक नसंल. पोरीनी चोरून केला असंल. तिनी सगल्यांच्या म्होरं कान धरावा, फोनमदला काढून टाकावा, मंग दादू बुवा मोकले. आजकालच्या पोरींना सुरातला काय कलतंय?"

वाट तर सोपी होती. मी नुसती मान हलवली असती, भाविकाने कान धरला असता, आणि पेटी माझी होती. हिराजीने माझ्यासाठी दार उघडूनच ठेवलं होतं. मी भाविकाकडे बघितलं. घरात मला 'चिल' म्हणणारी ही मुलगी मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती. तिचा हात खरंच कानाकडे निघाला होता. माझ्यासाठी.

आणि माझं डोकं फिरलं. माझ्या नातीला बोलायचा हक्क माझा आहे. नऊ दिवस मी तो मनसोक्त वापरला होता. तो हिराजीला कुणी दिला?

"हात खाली घे," मी तिला म्हटलं. थेट. "हिराजी, आयकून घे. आवाज माजा हाय. पोरीनी चोरला नाय, घरातला घेतला. आनि सुराचं बोलतोस? तीन मिनिटांच्या गान्यात एक सूर हललेला दाखव, मी पेटीवरचा हक्क सोडतो. लयीचा एक केस सरकलेला दाखव. हिचा कान तुझ्या-माझ्यापेक्षा तयार हाय. शपथ मोडली असंल तर ती माजी मोडली. आई, तुमी पेटी हिराजीला द्या."

एकेचाळीस वर्षांची इच्छा मी चार वाक्यांत घालवून बसलो होतो.

आई भाविकाकडे वळली. "तुझे फोनान हाय ना तो? वाजव. मी आजून आयकला नाय."

भाविकाने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. आता काय उरलं होतं जायचं? हितेशने तिचा फोन हॉलच्या स्पीकरला जोडला. ढोल सुरू झाला, बेंजो आला, 'तोम तनन देरेना'. बुवांच्या फोटोसमोर! मी जमिनीकडे बघत बसलो.

दुसऱ्या ओळीला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वर बघतो तर आई उभी. हितेश धरायला धावला, तिने त्याचा हात झटकला. लुगड्याचा पदर खोचला, एक हात कमरेवर, एक हात डोक्याशी, आणि ती नाचायला लागली. पाय फार उचलत नव्हते, पण लयीवर पडत होते. तिसरी ओळ आली. 'दीम.' आणि त्या दोन मात्रांमध्ये वेणूआईने दोन टाळ्या वाजवत एक गिरकी घेतली, पूर्ण गिरकी, आणि 'तनन'ला बरोबर समेवर समोर येऊन उभी राहिली.

भाविकाचं गाणं तिने आधी ऐकलेलं नव्हतं, तिथे टाळ्या येतात हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. हॉलमध्ये कुणाला काही कळेना. मला कळलं, आणि अंगावर काटा आला.

गाणं संपलं तशी ती धापा टाकत खुर्चीत बसली आणि पदराने डोळे पुसत खदाखदा हसायला लागली.

"आई, तुमाला टालीची ही जागा कशी ठाव?" मी विचारलं.

"मना नाय ठाव तं कोनाला? माजीच हाय ती," ती म्हणाली. "माजे बहिनीची हलद होती. आता जिथं विमान उतरतंय ना, तिथं आमचा मांडव. वाजंत्री हीच चाल वाजवत व्हते. ते मदीच थांबायचे आनि आमी पोरी टाली वाजवून गिरकी घ्यायचो. तुझा बुवा भजनाला आला व्हता. मना बघून सरबताचा गिलास सांडला त्यानी. लगीन झाल्यावर त्याच चालीचा तराना बांधला, माज्यासाठी. माजे गिरकीची जागा तेवरी रिकामी ठेवली."

"मंग शपथ कनाला घातली?" हिराजी पुढे सरकून म्हणाला.

"भ्यायचा तो! मोठा बुवा झालता ना. बोलायचा, वेणू, नाचान गेला तं बाया पहिल्या फेरीलाच वलकतील, सिताराम बुवानी वाजंत्र्याची चाल उचलली म्हनून. इज्जत जाईल." ती पुन्हा हसली. मग हसू थांबलं. "तुमी सगले ती जागा डोले मिटून गाता. आनि मी आतले खोलीन बसून पाय आवरतंय. किती वर्सं झाली, दादू. माजे गान्यावर मना कोनी नाचू नाय दिला."

माझं देवाचं मौन असं भर हॉलमध्ये उघडं पडलं. मला लाज वाटायला हवी होती. पण मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी डोळे पुसले. हिराजीही डोळे पुसत होता. त्याचा माझा पहिल्यांदाच सूर जुळला.

आईने स्वतःच्या हाताने हिरव्या कापडाची गाठ सोडली आणि पेटी माझ्यापुढे ढकलली. "ही तुजी. तुज्यामागून हिची," भाविकाकडे बोट दाखवून ती म्हणाली. "पोरीची बाजू घेतलीस ना, बरां केलास. आता वाजव. फोन नको. आनि तुमचे त्या देवळातले लयीत नको, हिचे लयीत."

बारा वर्षांनी भाता हलला. पेटी जरा खोकली आणि मग गायला लागली. हिराजीने पखवाज मांडीवर ओढला. भाविका माझ्या शेजारी येऊन बसली आणि मी 'तोम' म्हणायच्या आत तिनेच आवाज लावला. बाया उठल्या, आईला मध्ये घेतलं.

तिसरी ओळ आली. 'दीम.' सवयीने पापण्या खाली यायला लागल्या. मी त्या उघड्या ठेवल्या. हात पेटीवरून उचलले आणि समोर बघितलं. त्या दोन मात्रा कधीच रिकाम्या नव्हत्या. तिथे वेणूआई होती, पदर खोचून, टाळी वाजवत, गोल फिरत.

भाविकाने कोपराने ढोसलं. मी 'तनन' उचलायचं विसरलो होतो.