न भाजलेला राब

पहिली सही काळूरामची झाली, कारण पेन त्याच्याकडे होतं.

ग्रामपंचायतीच्या टेबलाला दोरीने बांधलेलं पेन लिहीत नाही, हे गावात सर्वांना ठाऊक होतं. म्हणून एकतीस वर्षं शिपायाची नोकरी केलेला काळूराम स्वतःचं पेन खाकी शर्टाच्या खिशाला लावून असे. लोक ते मागून घेत आणि सहसा परत देत.

"काका, तुमच्यापासूनच सुरुवात करू या," हर्षाली म्हणाली. ती ठाण्याच्या एका संस्थेतून आली होती. वय सव्वीस-सत्तावीस, आवाज स्वच्छ, पाण्याची बाटली स्टीलची. तिच्या हातातल्या कागदावर वर लिहिलं होतं, 'मी यंदा राब भाजणार नाही,' आणि खाली सह्यांसाठी ओळी होत्या.

राब म्हणजे भाताचं रोप करायच्या तुकड्यावर शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि वरून माती असे थर द्यायचे आणि उन्हाळ्यात ते भाजायचे. तणाचं बी जळतं, रोप तरारून येतं. किन्हवलीच्या या अंगाला आजा-पणजापासून हेच चालत आलं होतं, आणि आता ते बंद झालं तर गावाला 'धूरमुक्त गाव' म्हणून ढाल मिळणार होती.

"फांद्या तोडून तोडून डोंगरावरची झाडं बघा कशी झालीत," हर्षाली सांगत होती. "नुसते खांब! धूर होतो, मातीतले जीव मरतात. सरकार करील तेव्हा करील. आपण प्रत्येकाने स्वतःपासून सुरुवात केली तर..."

"बाई," मागून लखमा उठला, "आन भट्टीच्या धुराचा काय?"

पंचायतीपुढच्या मांडवात माणसं एकमेकांकडे बघू लागली. वीटभट्टी गावात एकच होती आणि तिचा मालक सरपंच आदेश हर्षालीच्या शेजारच्या खुर्चीत बसला होता.

"लखमा, भट्टी हा व्यवसाय हाय," आदेश समजुतीने म्हणाला. "इथं वैयक्तिक जबाबदारीचा विषय चाललाय."

हर्षालीने कागद चाळले. "भट्ट्यांचा विभाग वेगळा आहे," ती जरा हळू बोलली. लखमा खाली बसला. वेगळा विभाग म्हटल्यावर माणसाने खाली बसायचं असतं.

काळूरामने सही केली. दोन नंबरला आदेशने. संध्याकाळपर्यंत चौसष्ट सह्या झाल्या आणि पेन परत आलं नाही.

घरी सकुबाई डोक्यावरचा पाल्याचा शेवटचा भारा उतरवत होती. शिमग्यापासून ती रोज एक भारा आणत होती. पूर्वी ऐनाच्या फांद्या ओढ्यापलीकडेच मिळत, आता तासभर चढून जावं लागे. अर्धा एकर भात, नवरा-बायकोचं वर्षाचं खाणं, आणि त्या भाताचं रोप ज्यावर व्हायचं तो राब मागच्या तुकड्यावर थर देऊन तयार होता. फक्त काडी लावायची राहिली होती.

"सही केली?" ती म्हणाली. "कुनाला इचारून?"

"सगळ्यांनीच केली."

"सगळ्यांनी केली ती फोटोला. तुमी केली ती खरी. तेच तर भ्याव हाय मला."

काळूराम ओट्यावर बसला. "त्या पोरीचा खोटा नाय गो. मी गुरा राखायला जायचो तवा डोंगरावर दुपारची झोप काढायचो. आता टोपी ठेवायला सावली नाय."

"डोंगर माझ्या कोयत्यानं बोडका झाला? भट्टीला गाड्या भरून लाकडा जातात ती कुठली?"

"तीबी तिथलीच."

"मंग सरपंचाची घ्या सही."

"घेतली ना. दोन नंबरला हाय."

सकुबाईने भाऱ्याची दोरी सोडली. "आन रोप कसा करायचा?"

"त्या पोरीच्या पत्रकात दिलाय. पाला खड्ड्यात कुजवायचा, त्याचा खत करायचा. मंग मातीचा उंच वाफा करून..."

"पाला कुजाया वरीस लागतोय. तवर काय खायाचा? पत्रक?"

यावर पत्रकात काही दिलेलं नव्हतं.

बारा दिवसांनी पाहणी झाली. हर्षाली आणि आणखी तिघे गाडीतून आले, न भाजलेल्या राबांचे फोटो काढले, आदेशच्या घरी गावठी कोंबडीचं जेवण जेवले आणि दोन वाजता शहापूरच्या रस्त्याला लागले. चार वाजता वरच्या आळीतून पहिला धूर निघाला. तो आदेशच्या राबाचा होता.

साडेचारला लखमा पंचायतीच्या दारात आला. "मामा, चल. वारा बघून दे."

राब भाजायला काळूराम लागत असे. राब वाऱ्याच्या दिशेने पेटवला तर भडकतो, वरचं जळतं, खालची माती तशीच राहते आणि ठिणगी उडून डोंगराच्या वाळल्या गवतात पडते. वाऱ्याच्या उलट अंगाने लावला तर आग सरपटत जाते आणि माती भाजून निघते. हे ऐकायला सोपं आहे. पण डोंगराच्या पायथ्याशी वारा दुपारी तीनदा फिरतो आणि तो कधी फिरणार हे काळूरामच्या कानाच्या पाळीला कळतं. वीस वर्षांत या गावच्या राबातून डोंगराला आग लागली नव्हती. त्याबद्दल ढाल नव्हती.

"मी सही केलेय, लखमा."

"मीबी केलेय. तुला काडी लाव कोन सांगतोय? तू निस्ता ये. तुझ्याबगर लावला आन डोंगर पेटला तर तो कुनाच्या सहीवर घेशील?"

काळूराम बांधावर जाऊन उभा राहिला. हात पाठीमागे बांधून घेतले. वाऱ्याकडे कान केला. मग हनुवटीने दाखवलं, "त्या खालच्या कोपऱ्यातनं. आता नाय. थांब... आता लाव."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून तो अकरा बांधांवर उभा राहिला. काडी एकदाही धरली नाही. कपड्यांना मात्र धुराचा वास आला, तो काही विचारून येत नाही.

तो घरी आला तेव्हा सकुबाई दारात उभी होती. "लोकांचा भाजून आलात. आपला?"

तिने चुलीजवळची काडेपेटी उचलली आणि मागच्या तुकड्याकडे गेली. काळूराम जागचा हलला नाही. तिला अडवायचं असतं तर चार पावलांचं अंतर होतं. राबापाशी ती बराच वेळ उभी राहिली, मग परत आली आणि काडेपेटी होती तिथे ठेवली.

"का गो?"

"वारा कळत नाय मला," ती म्हणाली. "तो तुमालाच कळतो."

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून राब उचलला. तीन महिन्यांचे भारे एका सकाळी खड्ड्यात गेले. उरलेल्या मातीचा त्याने पत्रकातल्या चित्राप्रमाणे वाफा केला आणि पाऊस सुरू झाल्यावर त्यावर बी टाकलं.

सगळं उगवलं. भात उगवलं, आणि भातासोबत मातीत जे जे बी पडलेलं होतं तेही उगवलं. त्यात एक गवत असं, की लहानपणी भातासारखंच दिसतं. ते सोडवायचं तर बोटाने खोड चाचपून एकेक काडी उपटावी लागते. सकुबाई दिवसभर पावसात डोक्यावर इरलं घेऊन उकिडवी बसून ते काम करी. तिच्या एका बाजूला रोपाची मूठ पडे आणि दुसऱ्या बाजूला गवताचा ढीग. ढीगच रोज मोठा असे.

जुलैत ढाल मिळाली. ती भिंतीवर लावायला खिळा काळूरामनेच ठोकला. त्याच दुपारी हर्षाली फोटोवाल्याला घेऊन तुकड्यावर आली. आदेशही सोबत होता.

"काका!" ती बांधावरच थांबली. तिचे डोळे खरोखर भरून आले होते. "बघा, जमतं की नाही? किती गच्च आलंय! लोक म्हणतात प्रॅक्टिकल नाही म्हणून. हे त्यांना दाखवायला पाहिजे."

आदेशने गच्च आलेल्या तुकड्याकडे पाहिलं, मग काळूरामकडे, आणि मग मोबाइलमध्ये. त्याला भात कळत होतं.

काळूराम तोंड उघडणार तोच हर्षाली म्हणाली, "खरं सांगू काका? चौसष्ट सह्यांपैकी किती खऱ्या, ते मला माहीत नाही असं नाही. पण एक जरी असेल ना, तरी मी परत येईन."

काळूरामने तोंड मिटलं.

"मावशी, फोटोला या ना!"

सकुबाई उठली. गुडघ्यांना हात लावून हळूहळू उठली. तिने डाव्या बाजूच्या ढिगातून एक मूठ उचलली, चिखल झटकला आणि हर्षालीच्या हातात दिली. "घे गो बाय. तूच धर. तुला शोभतंय."

हर्षालीने ती मूठ छातीशी धरली. फोटो चांगला आला. तो आता पंचायतीत ढालीच्या खाली लावलेला आहे आणि काळूराम रोज सकाळी त्यावरची धूळ पुसतो. गाव येता-जाता त्या गवताकडे बघतं, पण काळूरामसमोर कोणी हसत नाही.

आवणीच्या, म्हणजे रोप खाचरात लावायच्या वेळी व्हायचं तेच झालं. रोप अर्ध्या खाचरालाही पुरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर रोपाच्या वीसेक मुठी रचून ठेवलेल्या दिसल्या. जाड बुंध्याचं, एकसारखं रोप. लखमाच्या राबाचं. लखमा स्वतः कुठे दिसत नव्हता.

काळूराम पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या मुठींसमोर उभा राहिला.

"काय बघताय?" सकुबाई म्हणाली.

"भाजलेल्या राबाचा हाय."

"मंग?"

"मी सही केलेय."

"तुमी केलेय," सकुबाई मुठी उचलत म्हणाली. "रोपानं नाय केलेली."

ती चिखलात उतरली आणि वाकून लावायला लागली. थोड्या वेळाने तिच्या मागे पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं नाही, फक्त एक मूठ मागे सरकवली.

दुपारपर्यंत लखमाचंही रोप संपलं. दोघं कंबर सरळ करत बांधावर येऊन बसली. खाचराच्या वरच्या कोपऱ्यात नुसतं पाणी उरलं होतं. त्यात डोंगर उलटा दिसत होता, खांबांसारख्या झाडांसकट.

"तिकडं पुढच्या वर्षाला," काळूराम म्हणाला. "खड्ड्यातला पाला तवर कुजंल."

सकुबाईने पाण्यात हात धुतले. डोंगर हलला, आणि परत जागेवर आला.