साठ मणी, चार रेषा

मी एक जुना चेंडू आहे, असं जो म्हणेल त्याच्याशी मला बोलायचंच नाही. मित्रांनो, मी कार्बनच्या साठ अणूंच्या पिंजऱ्याची प्रतिकृती आहे. वाशीतल्या एका कॉलेजात, रसायनशास्त्र विभागाच्या काचेच्या कपाटात राहतो. येणारेजाणारे 'फुटबॉल' म्हणतात आणि पुढे जातात. जाऊ देत बापडे.

मला १९९७ साली क्षिप्राने घडवलं. ती एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिने साठ लाकडी मणी काळे रंगवले, दिघ्याच्या एका वर्कशॉपमधून बारीक स्प्रिंगा आणून ते जोडले आणि माझ्या पोटात मधोमध एक लाल मणी दोऱ्यांनी ताणून बसवला. मग मला स्टँडला टांगलं. माझा एकही मणी दुसऱ्यापेक्षा थोर नाही, सगळ्यांचा शेजारपाजार सारखाच. माणसांत असं काही आढळत नाही, म्हणून त्यांना मी समजत नाही.

तरी सांगतो. साठ अणूंचा हा पिंजरा एकशे चौऱ्याहत्तर तऱ्हांनी थरथरू शकतो. पण सममितीमुळे पुष्कळ तऱ्हांचा वेग एकच येतो आणि वेगळे वेग उरतात शेहेचाळीस. त्यातही बहुतेक वेळा एका बाजूचं हलणं समोरच्या बाजूने फिटून जातं, लाल मणी जागचा हलत नाही. अशी कंपनं अवरक्त प्रकाशाला दिसतच नाहीत. त्याला दिसतात फक्त चार वेगांची. म्हणून क्षिप्राने खऱ्या नमुन्यावर अवरक्त प्रकाश टाकून काढलेल्या आलेखावर चार रेषा आल्या. यात अवघड काय आहे?

विभागप्रमुख नंदकुमार सरांना मात्र ते अवघड गेलं. आलेख हातात घेऊन ते म्हणाले, "अगं, साठ अणू आणि रेषा चारच? मशीन झोपलंय तुझं."

"सर, सममितीमुळे..."

"ते राहू दे. पेन्सिलीने पाच-सहा वाढव, कशाला टेन्शन घेतेस? बाहेरच्या मॅडम येतायत. त्यांनी प्रोजेक्ट परत केलं तर वर्ष जाईल तुझं."

वर्ष जाण्याच्या भीतीने क्षिप्राचा चेहरा उतरला. पण आलेखाला तिने पेन्सिल लावली नाही. रेषा किराणा मालासारख्या वाढवून मागणारा हा गृहस्थ विज्ञान शिकवत होता, मित्रांनो!

मॅडम आल्या त्या दिवशी नेमकी खंडेनवमी होती. सरांनी सकाळीच प्रयोगशाळेतल्या सगळ्या उपकरणांची पूजा उरकली. तराजूला कुंकू, सूक्ष्मदर्शकाला फूल, आणि माझ्यावर खास मर्जी म्हणून माझ्या एकाच मण्याला झेंडूचा जाडजूड हार. मी एका अंगाला कलंडलो. इतकी किळस मला झुरळाचीही आली नव्हती.

क्षिप्रा हार काढायला गेली, तर सर ओरडले, "ए, पूजा झालीय! उद्यापर्यंत काढायचा नाही. दाखवायचं तर तसंच दाखव."

बाहेरून आलेल्या परीक्षक अर्पिता मॅडम समोर बसल्या होत्या. क्षिप्राने मला दोन्ही तळव्यांत दाबलं आणि सोडलं. मी वेडावाकडा थरथरलो. लाल मणी सारखा एका बाजूला हेलकावू लागला. सर विजयाने हसले. "बघा मॅडम, हलतोय! म्हणजे रेषा जास्त हव्यात."

क्षिप्रा म्हणाली, "बरोबर आहे सर. हार घातलेल्या पिंजऱ्याला जास्तच येतील. एकाच मण्याला भार दिला की सममिती मोडते, लपलेली कंपनं दिसायला लागतात. माझ्या नमुन्याला कुणी हार घातला नव्हता."

मॅडमनी स्वतः उठून हार उतरवला आणि सरांच्या हातात दिला. मला पुन्हा दाबून सोडलं. मी नीट फुगलो, आक्रसलो. लाल मणी हलला नाही. मॅडमनी क्षिप्राच्या प्रोजेक्टवर तिथल्या तिथे सही केली. हार घेऊन उभे असलेले सर काही शोभून दिसत नव्हते.

क्षिप्रा पास होऊन गेली. एवढ्या माणसांत एका तिच्याबद्दल मला आदर वाटतो, आणि तिची आठवणही येते. सर आता पाहुण्यांना कपाटासमोर उभं करून "चारच रेषा, सममितीमुळे!" असं ठणकावून सांगतात. मला बाहेर काढत मात्र नाहीत, मी खराब होईन म्हणे! माझ्या स्प्रिंगा गंजत चालल्या आहेत.

मित्रांनो, वस्तू जपणं म्हणजे तिला कुलूप लावणं नव्हे. त्या कपाटाची किल्ली मागून घ्या. मला दोन्ही तळव्यांत धरा, दाबा, सोडा आणि लाल मण्याकडे बघत राहा. तो जागचा का हलत नाही हे तुमचं तुम्हाला कळलं, तर मी तुम्हाला मूर्ख म्हणणार नाही.