डॉक्टरचा वाटा

गुरुवारी जीप येणार म्हणून रत्नाबाईने बुधवारीच ओटी सारवली, काशीबाईच्या घरून एक बाकडं उचलून आणलं आणि आळीत ज्याला म्हणून खोकला, खरूज, कंबरदुखी होती त्या प्रत्येकाला सांगावा धाडला. "माजा पुंडलिक येतोय. डॉक्टर होऊन येतोय." आठवडाभर तिच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. पालघरच्या बाजारात पापलेट विकतानाही गिऱ्हाइकाला भावाआधी हेच ऐकावं लागे. बाया थट्टा करायच्या, "रत्ने, आता पापलेटालाबी सुई टोचील गं तुजा पोरगा!" तीही खो-खो हसायची. इतकी वर्षं वाट पाहिल्यावर माणसाने हसायचं नाही तर काय करायचं? आणि वाट काही तिने एकटीने पाहिली नव्हती, सबंध नावेने पाहिली होती.

त्याचं असं होतं. काशीबाईची नाव किनाऱ्याला लागली की वाळूवर मासळीचे ढीग पडत. नावेचा वाटा, जाळ्याचा वाटा, नाव हाकणाऱ्या तांडेलाचा, मग एकेका खलाशाचा. कुणी तापाने घरी पडला असला तरी त्याचा ढीग पडायचाच, कारण तो नावेचा माणूस. हा वाटा बंद व्हायचा एकच रस्ता होता. त्या माणसाने स्वतः किनाऱ्यावर यायचं आणि चारचौघांत तोंडाने सांगायचं, "मी उतरलो." चोरून दुसऱ्या नावेवर जाणाऱ्याला सातपाटी गावात कुणी विडीदेखील पेटवू दिली नसती.

रत्नाबाईचा नवरा रामा याच नावेवर होता. एकदा समुद्रातच त्याच्या पोटात कळा सुरू झाल्या. घरी आणल्यावर कुणी ओवा दिला, कुणी शेकलं, आणि दुसऱ्या दिवशी बैलगाडीत घालून पालघरला नेताना शिरगावापाशी तो गेला. आतडं फुटलं होतं, आदल्या दिवशी आणला असता तर वाचला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आदल्या दिवशी हे सांगायला गावात होतं कोण? बाराव्याचं जेवण उरकल्यावर नरहरी तांडेलाने रामाच्या जागी त्याच्या शाळकरी पोराला नावेवर घेतलं. जाळं ओढायला नाही, शिकायला. "यो आमचा डॉक्टर," तो म्हणाला. "शिकून येईस्तोवर तापात पडलाय आसं समजा."

तेव्हापासून पुंडलिकचा ढीग पडत होता. रत्नाबाई तो पाटीत भरायची, विकायची, आणि मुंबईत पोरगा शिकायचा. ज्या साली समुद्र सारखा खवळलेला राहिला आणि खलाशांच्या घरी नुसत्या पेजेवर दिवस निघाले, त्याही साली हा वाटा चुकला नाही. कुणी बोलून दाखवलं नाही, की कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही.

तर जीप आली. पुंडलिक उतरला, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. रत्नाबाईने आधी त्याच्या गळ्यात छाती तपासायची नळी आहे का ते पाहिलं. नव्हती. असेल पिशवीत, असं तिने स्वतःला समजावलं. मागून एक बाई उतरल्या, हातात कागदांचा गठ्ठा. त्या हंसा मॅडम, त्याच्याच कॉलेजातल्या. बाकड्यावरची माणसं सावरून बसली. काशीबाईने लुगडं वर करून सुजलेला गुडघा पुढे केला.

"काशीमावशी, आज तपासणी नाही," पुंडलिक म्हणाला. "आज फक्त प्रश्न विचारायचे आहेत."

"इचार की. दोन म्हयने सुजलाय."

"गुडघ्याचे नाहीत. डॉक्टरांच्या शिक्षणाचे." मग त्याने उभ्या उभ्या समजावून सांगितलं. देशात कॉलेजं वाढताहेत, दरसाल डॉक्टर बाहेर पडताहेत, पण खेड्यात कुणी जात नाही. शिक्षणात काय कमी पडतं, हे शोधायला कॉलेजाने पाहणी काढली आहे. गावोगाव जाऊन लोकांचं मत घ्यायचं, मग अहवाल लिहायचा.

 रत्नाबाईला वाटलं, सारवलेली जमीन आपल्या पायाखाली पुन्हा ओली झाली आहे. पण पोटचा पोर होता, लगेच तोंड कसं सोडायचं?

मग तो बाकड्याच्या कडेला टेकला आणि प्रश्न सुरू झाले. आजारी पडल्यावर प्रथम कुणाकडे जाता? डॉक्टर किती लांब आहे? खोकणारा एक म्हातारा दर उत्तराच्या मध्ये खोकत होता आणि पुंडलिक त्याचा खोकला थांबेपर्यंत पेन हातात धरून सभ्यपणे थांबत होता. थांबत होता! छातीला कान लावायला काय पैसे पडत होते? इतकी वर्षं जिच्यासाठी खर्ची घातली ती विद्या अशी टोपण लावून खिशात ठेवायची होती का?

"गावात डॉक्टर येत नाही याचं तुमच्या मते कारण काय?" त्याने काशीबाईला वाचून दाखवलं. "रस्ता नाही, वीज नाही, राहायला चांगलं घर नाही, की डॉक्टरला खेड्यातल्या कामाचं शिक्षणच मिळत नाही?"

काशीबाईने लुगडं गुडघ्यावर ओढून घेतलं. "डॉक्टर आलाय की. ह्यो काय माज्याच बाकड्यावर बसलाय. आन् मलाच इचारतोय, डॉक्टर का येत नाय!"

एकदोघं हसले. पुंडलिकने त्या प्रश्नापुढची जागा कोरी ठेवून पान उलटलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. या म्हणीतल्या माणसाला निदान आपण पाषाण आहोत याची लाज तरी वाटत असेल, अशी रत्नाबाईची आजवर समजूत होती.

"आता मला इचार," ती म्हणाली.

"आय, घरच्यांची उत्तरं धरत नाहीत. पक्षपात होतो."

"मी विचारते," हंसा मॅडम म्हणाल्या. त्यांना वाटलं, म्हातारीचं मन राखावं. "बाई, मागच्या काही वर्षांत घरात कुणी डॉक्टर मिळाला नाही म्हणून गेलं का?"

"गेला. याचा बाप."

मॅडमचं पेन थबकलं. त्यांनी पुंडलिककडे पाहिलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं. रत्नाबाईच्या अंगाची लाही लाही झाली ती इथे. ज्याच्या मरणावर हा शिकला त्याचं नाव याने तिकडे कुणाजवळ काढलंच नव्हतं.

"तू कवा येनार?" तिने सरळ विचारलं. "दवाखाना घालायला. आज बोल, समद्यांच्या पुढ्यात."

"आय, नीट ऐक. मी एका गावात बसलो तर एका गावाचं भलं होईल. ही पाहणी झाली तर शिक्षण बदलेल, शेकडो गावांना डॉक्टर मिळतील. कॉलेजने मला त्यासाठीच ठेवून घेतलंय."

बोलणं खोटं नव्हतं. तेच तर जास्त झोंबलं. "म्हंजी दुसऱ्याच्या पोरांनी खेड्यात जावं," रत्नाबाई म्हणाली, "आन् त्यांनी कसं जावं ते तू मुंबैत बसून शिकवनार."

तो लाल झाला. "नावेचं जे काय झालं असेल ते मी फेडीन. दरमहा मनिऑर्डर..."

"गप!" तिचा आवाज शेजारच्या आळीपर्यंत गेला. "वाटा म्हंजी कर्ज न्हाय रं! कर्ज सावकार देतो. वाटा आपल्या मान्साला पडतो. तुला यायचं नसंल तर येऊ नको. पन सांजच्याला नाव लागंल तवा किनाऱ्यावर ये आन् नरहरीच्या तोंडावर सांग, मी उतरलो म्हनून. तुजा बाप जिच्यावर राबला ती नाव हाय ती. तिला येवढं तरी दे."

पुंडलिकने घड्याळ पाहिलं. "पाच वाजता आम्हाला पुढच्या गावी, नवापूरला पोचायचंय," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला नक्की."

निघताना हंसा मॅडमनी खाली मान घालून कागदावरचा शेवटचा प्रश्न वाचला. न वाचून चालणार नव्हतं. "तुमच्या घरातून कुणी डॉक्टर झालं आहे का?"

"नाय," रत्नाबाई म्हणाली. "तेवडं लिवा."

जीप गेली. बाकडं काशीबाईच्या घरी परत गेलं.

सांजेला नाव लागली. नरहरी तांडेलाने ढीग घातले, आणि सवयीने शेवटचा, थोडा बाजूला. जीप आली न् गेली हे त्याला कुणीतरी सांगितलं असणारच, पण त्याने हात आखडला नाही. उलट त्या ढिगावर त्याने एक मोठं पापलेट जास्तीचं टाकलं. रत्नाबाईने पाटी वाळूवर टेकवली.

"रत्ने, उचल," काशीबाई म्हणाली.

"पुंडलिक उतरला," रत्नाबाई मोठ्याने बोलली. लाटांच्या आवाजातही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "रामाचा पोरगा नावेवरनं उतरला. त्याचा वाटा घालू नका."

सगळे खलाशी हातातलं काम टाकून उभे राहिले. नरहरीने मान हलवली. "आयनं सांगून चालत नाय, वयनी. ज्यानं त्यानं सांगायचं आसतं. तोवर तो आपला मानूस."

"तो सांगनार नाय, भावजी. त्याला ते शिकवलंच नाय." तिने पदर खोचला, वाकली, आणि दोन्ही हातांनी तो ढीग नावेच्या ढिगात लोटून दिला, वरचं पापलेटसुद्धा. कुणी तिला अडवलं नाही.

मग तिने रिकामी पाटी डोक्यावर घेतली. घरी जायला मागून, बोंबील वाळत घालतात त्या बाजूने एक आडवाट होती, तिथून कुणाला दिसली नसती. काशीबाईने हळूच तिकडे बोट केलं. रत्नाबाई आळीच्या मधल्या रस्त्याने गेली, एकेका दारावरून, पाटी रिकामी आहे हे सगळ्यांना दिसेल अशी. लपून जायचं काम ज्याचं होतं तो जीपमधून गेला होता.