कावडीचा खांदा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना स्टँड आहे. कॅमेऱ्याचा, तीन पायांचा, अस्सल सागवानी. हल्ली शाळेतल्या गुंडाळलेल्या नकाशांमागे उभा असतो. माझ्या एका पायाला कुणीतरी मोडकी छत्री अडकवून ठेवली आहे. छत्रीबद्दल माझी तक्रार नाही. मला सांगायचं आहे ते एका खांद्याबद्दल, ज्याच्यावर मी जन्मभर जळलो.

चांद्याच्या रामाजी मिस्त्रींनी मला घडवलं. डोक्यावर पितळी चकती, पायांना लोखंडी टोकं. माझे मालक बापूजी मास्तर चित्रकला शिकवत आणि सुटी लागली की पाखरांचे फोटो काढायला जंगलात पळत. माझ्यावर कॅमेरा चढवून त्यांनी घरट्यातले बगळे टिपले, नाल्याकाठचा खंड्या टिपला. लोक म्हणत, "काय स्थिर हात आहे मास्तरचा!" हात कसला डोंबलाचा, पाय माझे होते! पण मास्तर माझ्या चकतीवर थोपटत आणि माझा राग तिथेच विरून जाई.

छप्पन्न सालच्या मे महिन्यात आम्ही धानोऱ्याकडच्या जंगलात गेलो. तिथल्या बेहड्याच्या झाडाच्या ढोलीत धनेश पाखराच्या मादीने अंडी उबवायला स्वतःला आत लिंपून घेतलं होतं. नर फळं आणून फटीतून तिला भरवायचा. मास्तरांना तो नर उडताना हवा होता, दोन्ही पंख पसरलेला. घाईही होती, कारण लिंपण फोडून मादी बाहेर आली की नराचा ठरलेला रस्ता संपणार होता. पहिला रोल चांद्याला धुऊन आणला, तर त्यात नुसत्या शेपट्या. पाखरू वळे आणि माझी मान अडकून बसे.

वाट दाखवायला गावचा लालसू सोबत असे. शेपट्यांचे फोटो पाहून तो पोट धरून हसला.

"मास्तर, खुंट्याले बांधून उडतं पाखरू गावते काय? ह्या तीन टांगाच्या बुढ्याले वळता येत नाई. माह्या खांद्यावर ठेवा."

लालसू लहानपणापासून कावडीने पाणी वाहत आलेला. मडकी काठोकाठ भरलेली असली तरी वळताना थेंब सांडत नसे. मास्तरांनी कॅमेऱ्याची लांब नळी त्याच्या उजव्या खांद्यावर टेकवली. पाखराच्या वाटेतल्या एका वाळक्या फांदीवर फोकस आधीच बांधून ठेवला. पाखरू दुरून दिसताच दोघे त्याच्यासोबत वळू लागत. फांदीपाशी येताच मास्तर बटण दाबत, आणि दाबल्यावरही दोघे वळतच राहत. थांबलं की फोटो फिसकटतो. मी बाजूला पालापाचोळ्यात आडवा. मास्तर म्हणाले, "लालसूभाऊ, तुझा खांदा सोन्याचा आहे!" त्या दिवशी मला कुणी थोपटलं नाही.

मी जळून कोळसा झालो.

संध्याकाळी लालसूने मला त्याच खांद्यावर घेतलं. माझ्या एका पायाचा पेच ढिला होता. पाय खाली घसरून त्याचं लोखंडी टोक लालसूच्या कातडीत घासत होतं. एरवी पेच ढिला झाला की मी कुरकुर करतो, आणि ऐकणारा तो आवळतो. त्या वाटेवर मी जाणूनबुजून गप्प राहिलो. लालसूला वाटलं, ओझंच आहे, टोचणारच. गावात पोचलो तेव्हा त्याची बायको मंगली ओरडली, "अवो, खांदा काऊन सोलला? रक्त येऊन राह्यलं!"

मित्रांनो, मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

सकाळी जखम पाहून मास्तरांनी कॅमेरा माझ्यावर चढवला. हवा तसा फोटो मिळाल्याची खात्री अजून नव्हती, रोलमध्ये तीनच फोटो उरले होते, आणि ढोलीचं लिंपण तडकलं होतं. मी पाय जमिनीत घट्ट रोवले. धनेश आला, वळला, आणि माझी मान पुन्हा अडकली. एक फोटो वाया गेला. आता दोनच उरले.

"काढा तो त्या बुढ्यावरून," लालसू म्हणाला. "कावडवाल्याले दोन खांदे असतात. डावा हाये न मले!"

धनेश परत आला. डावा खांदा वळला, मास्तर वळले, बटण दाबलं गेलं. पंखांचं पीसन्‌पीस वेगळं दिसावं असा तो फोटो आला.

शेवटचा फोटो मास्तरांनी लालसूसोबत काढायचा ठरवला. कॅमेऱ्याला एक चावी होती, ती फिरवली की तो आपोआप फोटो काढी. म्हणून मला उभं केलं. दोघे माझ्यासमोर हसत उभे राहिले. आयुष्यात कधी नव्हे इतका मी स्थिर होतो. फोटो इतका स्वच्छ आला की लालसूच्या उघड्या खांद्यावरची जखमही स्पष्ट दिसते.

ते दोन्ही फोटो इथे समोरच्या भिंतीवर आहेत. धनेशाचा फोटो लालसूच्या खांद्याचा. दुसरा माझा, आणि त्यातली जखमही माझीच. मुलं धनेश पाहतात. मी रोज दुसरा पाहतो.

मित्रांनो, कधी पाखरांचे फोटो काढायला निघालात तर मलाही न्या. घरट्यापुरता मी अजून कामाचा आहे. फक्त कुणाच्या खांद्यावर देण्याआधी माझे पेच आवळा आणि टोकांना चिंध्या गुंडाळा. मी कुरकुरलो नाही, तरीही.