गुडघाभर पाणी आणि दीड हॉर्सपॉवर

मित्रांनो, परळच्या एका अरुंद गाळ्यात, दाराच्या डाव्या अंगाला बसलेला बिडाच्या अंगाचा जुना पंप म्हणजे मी. माझा हिरवा रंग बराच उडाला आहे आणि पाठीवरची पट्टी घासली गेली आहे. तरी तिच्यावरचे ‘दीड हॉर्सपॉवर’ हे शब्द अजून वाचता येतात. त्या शब्दांचा मला फार अभिमान होता. तो कसा उतरला आणि त्याच्या जागी काय आले, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कोइमतूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी थेट लालबागच्या एका चाळीत आलो. चाळीच्या चौकात जाळी घातलेली विहीर होती. पाणी दहाबारा फुटांवरच असायचे. विहिरीच्या काठावर मला बसवले, एक पाइप खाली पाण्यात सोडला, दुसरा गच्चीवरच्या टाकीला जोडला. बटण दाबले की मी घुमायचो आणि नव्वद खोल्यांचे धुणे-भांड्यांचे पाणी वर चढवायचो. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळे. “आपला पंप म्हणजे पैलवान आहे,” असे चाळीतली माणसे म्हणत. मी किती पाणी देतो हे सगळ्यांना पाठ होते. मी वीज किती खातो, हे मात्र बावीस वर्षांत कोणी विचारले नाही. मलाही तो प्रश्न कधी पडला नाही.

एका मे महिन्यात विहिरीचे पाणी पाइपाच्या तोंडाखाली गेले. कोणी पाहिले नाही. मी तासभर कोरडाच फिरलो आणि आतून जळलो. तेव्हा शेवंतीने मला दुरुस्त केले. शेवंतीचे वडील गिरणीत वायरमन होते. मोटारींच्या तारा गुंडाळायचे काम ती त्यांच्याकडून शिकली आणि पुढे हा गाळा तिने एकटीने चालवला. तिने माझी जळालेली तार काढून नवी भरली आणि मी पुन्हा उभा राहिलो. पुढे चाळ पाडली, तिथे टॉवर आला, आणि माझी गरज संपली. शेवंतीने मला हातगाडीवर घालून गाळ्यात आणले. दोन वर्षे मी दाराशी बसून होतो. येणारी गिऱ्हाइके माझ्यावर पिशव्या ठेवत.

मग एका सकाळी संघमित्रा आणि तिची आई कौसल्या गाळ्यात आल्या. त्या करी रोडला राहत. संघमित्रा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचे काम करायची. कौसल्याबाई तीस वर्षे वॉर्डात आया म्हणून राबून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांना आता मंडणगडकडच्या आपल्या गावी जाऊन राहायचे होते. घर डोंगराच्या कुशीत, वस्तीपासून लांब. विजेचा खांब तिथपर्यंत पोचलेला नव्हता, म्हणून संघमित्राने छपरावर सौर पॅनेल बसवून घेतले होते. दिवे लागत होते, पंखा फिरत होता. उरले होते फक्त विहिरीचे पाणी.

कौसल्याबाईंची नजर माझ्यावर पडली. त्यांनी माझ्या पाठीवरची पट्टी वाचली आणि माझ्यावर हात ठेवला.

“हा द्या,” त्या म्हणाल्या. “जुना असला तरी ताकदीचा दिसतोय.”

दोन वर्षांनी कोणीतरी मला मागत होते. मला किती बरे वाटले म्हणून सांगू.

“मावशी, आधी सांगा, पाणी किती खोल आहे?” शेवंतीने विचारले.

“असेल वीस-बावीस फूट.”

“कधी मोजलं?”

“मोजायचं कशाला? माझ्या सासऱ्यांनी खणलीय ती.”

मग त्यांनी त्या विहिरीची गोष्ट सांगितली. गावच्या विहिरीला हात लावायची त्यांच्या माणसांना मुभा नव्हती. कोणी वरून ओतील तेव्हा घागर भरायची. त्यांचे सासरे रामजी मुंबईत गिरणीत होते. तीन वर्षे मे महिन्याची रजा काढून ते गावी गेले आणि स्वतःच्या जमिनीत विहीर खणली. तिसऱ्या उन्हाळ्यात झरा लागला.

“एका घागरीसाठी अर्धा अर्धा दिवस उभी राहिलेय मी,” कौसल्याबाई म्हणाल्या. “आता नळ सोडला की मनगटाएवढी धार पडली पाहिजे. बारीक धार मला नको.”

 संघमित्रा माझ्याभोवती फिरून बघत होती. मग तिने विचारले, “शेवंतीताई, हा वीज किती खातो?”

मित्रांनो, माझ्या आयुष्यात हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला होता.

शेवंतीने मला पाण्याच्या पिंपाला जोडले आणि तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा एक मीटर लावला. बटण दाबले. सुरू होताना मीटरचा आकडा एकदम चाळीस अँपिअरच्या पुढे उडाला, मग खाली येऊन सातावर स्थिरावला.

“बघ,” शेवंती म्हणाली. “सुरू होताना हा हावरटासारखा ओढतो. तुझा इन्व्हर्टर तिथंच बंद पडेल. नंतरही सोळाशे वॅट खात राहतो. तुझे पॅनेल किती आहेत?”

“चार. भर उन्हात मिळून बाराशे देतात.”

शेवंतीने बटण बंद केले. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त नवल. एवढे खाऊन मी कोणाचे काय करत होतो? चाळीत नव्वद खोल्या होत्या, तिथे ते शोभत होते.

“तुम्ही आत्ता मे महिन्यात जाऊन मोजून या,” शेवंती म्हणाली. “पाणी किती खोल, किती उभं आहे, आणि उपसल्यावर किती वेळात भरतं. तोवर मी काही विकणार नाही.”

कौसल्याबाई फुरंगटून बाहेर पडल्या. आठ दिवसांनी दोघी परत आल्या. संघमित्राकडे वही होती. तिने दोरीला दगड बांधून, फुटाफुटावर गाठी मारून मोजले होते. पाणी एकतीस फुटांवर होते. विहीर अरुंद, माणसाने हात पसरले तर दोन्ही कडांना टेकतील एवढीच, आणि तळाशी गुडघाभर पाणी. वीस बादल्या उपसल्यावर पातळी पूर्ववत व्हायला दोन तास लागले होते. घराची टाकी विहिरीच्या तोंडापासून वीस फूट उंच होती. घराला दिवसाला पाचशे लिटर पुरणार होते.

शेवंतीने वही वाचली आणि माझ्याकडे बोट दाखवले. “हा तर लागूच पडत नाही. हा काठावर बसून ओढणारा. पंचवीस फुटांच्या खालचं पाणी याला ओढताच येत नाही, कितीही वीज घाला. पाणी जवळ असतं, तरी तुमचं ते गुडघाभर पाणी यानं वीस मिनिटांत संपवलं असतं.”

“मग अर्ध्या हॉर्सपॉवरचा पाण्यात बुडणारा?” संघमित्राने विचारले.

“चालेल. पण तोही इन्व्हर्टरवरून चालणार, आणि तोही घाई करणार. तुला घाई नाहीये. दिवसभर ऊन आहे, वर टाकी आहे. बॅटरीत वीज साठवण्यापेक्षा टाकीत पाणी साठव. सरळ पॅनेलवर चालणारा छोटा डीसी पंप मागवते. बघून ठरवा. आणि पाइप जरा मोठा घे, वळणं कमी ठेव. बारीक पाइपात पाणी घासत जातं, त्यात फुकट वीज जाते.”

पुढच्या आठवड्यात तो आला. माणसाच्या हाताएवढा लांब, चकचकीत. शेवंतीने दोन पॅनेल फुटपाथवर उन्हात टेकवले, त्याला पिंपात बुडवले आणि व्हॉल्व्ह आवळून, थोडी सूट धरून साठ फूट चढवण्याइतका दाब धरला. मी कान देऊन ऐकत होतो. त्याचा आवाज जवळजवळ नव्हताच. धार करंगळीएवढी. वीस लिटरची बादली भरायला दीड मिनिट लागले. मीटरवर आकडा होता एकशेचाळीस वॅट. संघमित्राने वहीत हिशेब केला. पाचशे लिटरला पाऊण तासही लागत नव्हता, आणि तेवढ्याच पाण्याला मी जेवढी वीज खाल्ली असती, तिच्या निम्मीसुद्धा लागत नव्हती.

पण कौसल्याबाईंचा चेहरा उतरला होता. त्या त्या धारेखाली तळहात धरून उभ्या राहिल्या. पाणी बोटांमधून पिंपात परत पडत होते.  आईला ही धार का बोचते, हे संघमित्राला ठाऊक होते.

“मित्रा,” कौसल्याबाई म्हणाल्या, “हा चालू असताना झऱ्याचं पाणी येत राहील?”

“येत राहील. तळ उघडा पडणार नाही.”

“मग हाच घेऊ. तीन उन्हाळे खणून तुझ्या आजोबांना जेवढं लागलं, तेवढं पाणी आहे ते. धारेच्या हौसेपायी मला त्या विहिरीचा तळ बघायचा नाही.” मग त्यांनी ओला हात पदराला पुसला आणि जाताजाता माझ्या पाठीवर थोपटले. “तू वाईट वाटून घेऊ नको रे बाबा.”

वर्षाने, पुढच्या मे महिन्यात, कौसल्याबाईंचा फोन आला. शेवंतीने तो स्पीकर लावून कामाच्या टेबलावर ठेवला म्हणून मलाही ऐकू आला. टाकी दुपारच्या आत भरत होती. जिला हात लावायची एके काळी त्यांना मुभा नव्हती, ती वरच्या वाडीची विहीर आटली होती आणि तिथल्या दोन बायका हंडे घेऊन यायच्या.

“मग?” शेवंतीने विचारले.

“मग काय, नळ सोडते. भरून नेतात. नाही कशाला म्हणू?”

 फोन ठेवल्यावर शेवंतीने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि माझ्या अंगावर ठळक अक्षरांत लिहिले, ‘खातो सोळाशे वॅट. पाणी पंचवीस फुटांच्या आत हवे.’ आधी मला उघडा पडल्यासारखे वाटले. पण पंधरा दिवसांनी माहीमच्या कालिंदीबाई आल्या. त्यांची रोपवाटिका आहे. विहीर न आटणारी, पाणी आठ फुटांवर, वीज खांबावरची, आणि दीड हजार कुंड्या. त्यांनी ते वाचले आणि म्हणाल्या, “हाच तर शोधत होते.” उद्या टेम्पो येणार आहे.

मित्रांनो, कोणतेही यंत्र घरी नेण्याआधी त्याला दोन गोष्टी विचारा, ते देते किती आणि घेते किती. विहिरीलाही विचारा, आणि तेही मे महिन्यात. आणि मला न्याल तेव्हा एवढे करा, पाण्यातल्या पाइपाच्या तोंडावरच्या जाळीतला पाला महिन्यातून एकदा काढा आणि पाणी खाली गेले की बटण बंद करा. बाकी पाणी चढवायचे काम माझ्यावर सोपवा.